'आढळले नाहीत' म्हणजे नेमकं काय? सड्यावरच्या पालीच्या वतीने एक खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
राज्य तज्ज्ञ मूल्यांकन समिती, महाराष्ट्र

सप्रेम नमस्कार.

मी राजापूर तालुक्यातला. वीसेक वर्षं गावोगावचे साप पकडून सोडतोय, म्हणून लोक सर्पमित्र म्हणतात. पदवी वाणिज्य शाखेची, तीही कशीबशी. तेव्हा हे पत्र तज्ज्ञाचं नाही. आपल्यासमोर मंजुरीसाठी येणारे अहवाल ज्या कातळावर बसून लिहिल्याचं सांगितलं जातं, त्या कातळावर रात्री-बेरात्री फिरणाऱ्या माणसाचं आहे.

जनसुनावणीच्या आधी एका प्रकल्पाचा पर्यावरण आघात अहवाल हातात पडला. प्रकल्प कुठला, अहवाल कोणत्या सल्लागाराचा, ते लिहीत नाही, कारण तक्रार एकट्या त्यांच्याबद्दल नाही. जाडजूड बाड. हवा, पाणी, आवाज, माती सगळं तपशिलात. सरपटणाऱ्या प्राण्यांना मात्र अर्धं पान. नाग, धामण, घोरपड, सरडा, पाल. पालीपुढे शेरा 'सामान्य'. आणि तक्त्याखाली एक वाक्य: प्रकल्प क्षेत्रात संकटग्रस्त सरपटणारे प्राणी आढळले नाहीत. पाहणी एप्रिल महिन्यातली, सकाळी दहा ते दुपारी चार.

एप्रिलात दुपारी बारा वाजता सड्यावर मीसुद्धा आढळत नाही.

आपल्यापैकी जे कोकणातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. उन्हाळ्यात काळाठिक्कर, चप्पल काढली तर पाय भाजेल असा. मिरगाचा पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत तोच कातळ ओळखू येत नाही. खळग्यांत पाणी, पाण्यात बेडूक, दगडांच्या कडेने शेवाळ आणि गवत, आणि गणपतीच्या सुमारास फुलं. सातबाऱ्यावर यातल्या बऱ्याच जमिनीचं नाव पोटखराबा. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात अशा जागेला खडकाळ ओसाड जमिनीचा रंग लागतो. कागदावर एकदा 'ओसाड' म्हटलं की तिथे कोण राहतं हे विचारायला जायचं कारणच उरत नाही. राजापुरात बारसूच्या सड्यावर 2023 च्या एप्रिलमध्ये रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणावरून काय झालं ते सगळ्या राज्याने पाहिलं. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेल्या कोकणातल्या कातळशिल्पांत बारसूही आहे. माणसाने कोरलेल्या प्राण्यांकडे निदान आता लक्ष गेलंय. त्याच कातळावरच्या जिवंत प्राण्यांबद्दल मी बोलतोय.

त्या 'सामान्य' पालीचीच गोष्ट घ्या. सड्यावर एक पाल राहते. बोटाएवढी, जाडसर शेपटीची, अंगावर पांढरे पट्टे. शास्त्रीय नाव हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिएटस, त्यातला दुसरा शब्द त्या पांढऱ्या पट्ट्यांवरूनच आला. ग्रँडिसन आणि सोमण या दोघांनी 1963 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिचं वर्णन केलं, रत्नागिरीजवळच्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून. घरातल्या ट्यूबलाइटमागे बसते त्या पालीची ही चुलत बहीण, पण भिंतीबिंतीच्या वाटेला जात नाही. जमिनीवर राहते. दिवसभर सुट्या दगडाखाली, रात्री बाहेर. कोकणाच्या जांभ्या पट्ट्याबाहेर तिचं घर नाही. निसर्ग संवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या लाल यादीत तिची नोंद 'असुरक्षित' म्हणून आहे. म्हणजे संकटग्रस्तांत तिची गणना होते. अहवालात तिला आणि ट्यूबलाइटमागच्या पालीला मिळून एकच शब्द मिळाला.

यात मी स्वतःला वगळत नाही. पहिली दहा-बारा वर्षं माझंही लक्ष फक्त सापांकडे होतं. फुरशाच्या शोधात दगड उलटायचा, खालून एखादी पाल सुळकन पळायची, मी म्हणायचो, "पाल हाय, सोड." एकदा पुण्याहून एक संशोधक मुलगी आली होती. तिने टॉर्चच्या उजेडात ती पाल दाखवली आणि ही जगात कुठेकुठे मिळते ते सांगितलं. माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर ती राहत होती आणि मला पत्ता नव्हता. म्हणून सल्लागाराला ती ठाऊक नव्हती याचा मला राग नाही. ठाऊक नसताना 'नाहीत' असं लिहिलं, याचा आहे.

आता मुख्य मुद्दा, ऋतूचा. खाणींसारख्या प्रकल्पांना अभ्यासाच्या ज्या प्रमाणित अटी दिल्या जातात, त्यात लिहिलेलं असतं: एका ऋतूची मूलभूत माहिती, पावसाळा वगळून. उन्हाळा, पावसाळ्यानंतरचे महिने किंवा हिवाळा, यांपैकी कुठलाही एक. हवेतल्या धुळीसाठी ही अट मला पटते. पावसात धूळ बसते, मोजमाप फसवं निघेल. पण त्याच वाक्यात, त्याच स्वल्पविरामांच्या रांगेत, हवा, पाणी, आवाज, माती यांच्या पाठोपाठ वनस्पती आणि प्राणीही येतात. ज्या चार महिन्यांत सडा जिवंत असतो तेच चार महिने नियमाने वगळलेले. धुळीसाठी शिवलेला अंगरखा पालीला घातलाय.

हे एवढ्यावरही थांबत नाही, कारण सगळे सरपटणारे एकाच मोसमात दिसतात असं नाही. सातारच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा पंखगळ्या सरडा घ्या. नर गळ्याची निळी-काळी-केशरी झालर फुलवून दगडावर बसतो, तो ऐन उन्हाळ्यात. 2016 मध्ये या सरड्यांसाठी नवी प्रजाती, म्हणजे जातींचा एक गट, मांडली गेली तेव्हा तिचं नावच 'सरडा' या आपल्या शब्दावरून ठेवलं, आणि चाळकेवाडीच्या या जातीला नाव मिळालं सरडा सुपर्बा. हा मे महिन्यात भर उन्हात सहज दिसेल. फुरसं पावसाळी रात्री. पाल दगडाखाली, तेही दगडाखाली ओल आणि गारवा असेल तेव्हा. म्हणजे 'पावसाळ्यात पाहा' एवढं म्हणूनही भागत नाही. उन्हाळ्यात एकदा, वळवाचे पहिले दोन-तीन पाऊस पडून गेल्यावर एकदा, भर पावसाळ्यात आणि पाऊस ओसरताना, असं वर्ष फिरून यावं लागतं. आणि दिवसाइतकंच रात्री.

आमच्या वाडीतल्या एका आजींना त्या अहवालातल्या पाहणीची वेळ सांगितली. त्या हसल्या. म्हणाल्या, "दिवसाउजेडी काय गावतंय? पाऊस पडल्यावर रातीचे जावा म्हणावं." समितीला अभ्यासाची पद्धत ठरवायला याहून थोडक्यात मार्गदर्शन मिळायचं नाही.

चाळकेवाडीचा विषय निघालाच आहे तर थोडं रेंगाळतो, कारण तिथे आपल्या सगळ्यांसाठी धडा पडलेला आहे. तिथे पवनचक्क्या आधी उभ्या राहिल्या. 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या परिशिष्टात, म्हणजे मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांच्या यादीत, पवनऊर्जा नाही, त्यामुळे पर्यावरण मंजुरीचा प्रश्न तेव्हाही आला नाही, आजही येत नाही. त्याच पठारावरच्या दगडांखाली राहणाऱ्या एका पालीला शास्त्रीय नाव मिळालं 2008 मध्ये, हेमिडॅक्टायलस सातारेन्सिस. तीही आज 'असुरक्षित' वर्गात. पाती फिरायला लागल्यावर काही वर्षांनी तिथल्या रहिवाशाचं बारसं झालं. तेव्हा कुणी नेमाने पाहणी केली असती तरी यादीत तिचं नाव लिहिता आलं नसतं, कारण नावच नव्हतं. म्हणून नुसतं यादीशी यादी ताडून चालत नाही. जो प्राणी ओळखता येत नाही त्याचा फोटो, ठिकाण आणि तारीख नोंदवून जाणकाराकडे पाठवायला हवी. 'पाल' लिहून पुढे सरकायचं नाही.

आणि दुसरी गोष्ट. 2018 मध्ये याच पठारावरचा एक अभ्यास 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मध्ये आला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी बरेच कमी झाले होते, त्यामुळे सरडे वाढले होते. वरवर पाहणारा म्हणेल, छान झालं की. पण ते सरडे अंगाने खंगलेले होते आणि माणूस अगदी जवळ येईपर्यंत पळत नव्हते. एखादा अहवाल 'सरड्यांची संख्या उत्तम' असं लिहून मोकळा झाला असता. मोजणी बरोबर, निष्कर्ष चूक.

आता थोडं गणित. वाणिज्यवाला असलो तरी टक्केवारी जमते. समजा सड्यावर ती पाल आहेच, आणि एका फेरीत ती दिसण्याची शक्यता शंभरात वीस आहे. हा आकडा मी उदाहरणासाठी धरलाय. तीन फेऱ्या मारल्या तर तिन्ही वेळा ती चुकण्याची शक्यता निघते शंभरात एक्कावन्न. म्हणजे नाणं उडवण्यातलाच प्रकार. दहा फेऱ्या केल्या तर ही शक्यता अकरावर येते, चौदा केल्या तर पाचाच्या खाली. म्हणून फेऱ्या किती हे न सांगता लिहिलेल्या 'आढळले नाहीत' ला काडीचाही अर्थ नाही. ब्रिटनमध्ये जमिनीवरचे मूळचे सरपटणारे प्राणी सगळे मिळून सहा जाती. तिथेसुद्धा एखाद्या बांधकामाच्या जागेवर ते आहेत की नाहीत एवढंच ठरवायला, योग्य हवामान बघून, निदान सात फेऱ्या मारायची रीत आहे. आपल्याकडे जाती त्याच्या कितीतरी पट आणि फेऱ्यांचा हिशेबच नाही.

माझी मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक अहवालात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या तक्त्याआधी पाहणीचा हिशेब द्यायला लावा. कुठल्या तारखांना गेले, किती वाजता, किती माणसं, किती तास, आदल्या दिवशी पाऊस होता का, किती दगड उलटून पाहिले आणि त्यांतल्या किती दगडांखाली काय मिळालं. दगडांची मोजणी ही काही माझ्या डोक्यातून आलेली कल्पना नाही. कोकणातले सडे, आंबा-काजूच्या बागा आणि पडीक भातखाचरं यांची तुलना करणारा जो अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही दगड उलटून खालचे प्राणी नोंदवण्याचीच रीत वापरली होती. हे करायला उपग्रह लागत नाही. वही, टॉर्च, आकडी, जाड बूट आणि झोपेचं खोबरं करायची तयारी, एवढं पुरतं. हिशेब नसेल तर 'आढळले नाहीत' हे वाक्य खोडून 'पाहिलेले नाहीत' असं लिहायला सांगा. दोन्ही वाक्यं दिसायला जवळची आहेत, पण दुसरं निदान खरं आहे.

अभ्यासाचं क्षेत्र दहा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं असतं. त्यात आमच्याकडे समुद्र येतो, खाडी येते, आंब्याच्या बागा, चार-पाच गावं, एखादी देवराई. यादी लांबलचक होते आणि छापल्यावर भरघोस दिसते. पण त्या पालीचं अख्खं आयुष्य बहुधा काही पावलांच्या परिसरात जातं. दहा किलोमीटरवरच्या नदीतल्या कासवाने तिच्या वतीने सही करून चालणार नाही. प्रत्यक्ष ज्या कातळावर जेसीबी चालणार, त्याची पाहणी वेगळी मांडायला हवी.

घोरपडीबद्दल दोन शब्द. ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणून तिच्यासाठी संवर्धन आराखडा आणि त्याचा खर्च मांडावाच लागतो. त्या अहवालात तो होता. फलक लावणे, कामगारांना माहिती देणे, आणि वृक्षारोपण. हे वृक्षारोपण मला अजून पचलेलं नाही. उद्योगाच्या जागेत ठरावीक हरित पट्टा हवा असा दंडक आहे. मैदानी मुलखात ठीक असेल. सड्यावर तो पाळायचा म्हणजे कातळ फोडून खड्डे करायचे, बाहेरून माती आणायची आणि सुरू नाहीतर गुलमोहर लावायचा. उघड्या कातळावर राहणाऱ्यांसाठी जी काही जागा बांधकामातून वाचली असती तीही सावलीत गाडायची, आणि याला पर्यावरण व्यवस्थापन म्हणायचं! सड्याच्या प्रकल्पात हरित पट्ट्याऐवजी 'उघडा पट्टा' मान्य करण्याचा विचार समितीने जरूर करावा. त्यात उद्योगाचाही खर्च वाचेल.

सुनावणीत आम्ही बोललो की एक उत्तर तयार असतं: प्राणी सापडले तर पकडून सुरक्षित ठिकाणी सोडू. मी आयुष्यभर तेच करतोय, म्हणून हक्काने सांगतो, यावर फार भिस्त ठेवू नका. धामणीला उचलून शेजारच्या रानात सोडणं निराळं. पण दगडाखाली राहणाऱ्या पाली मोजून वेचायच्या कशा? सोडायच्या तर कुठे? शेजारच्या सड्यावरच्या बऱ्या दगडांखाली आधीच कुणीतरी असतं. आणि 'सुरक्षित ठिकाण' म्हणून दाखवलेला सडा पुढच्या वर्षी दुसऱ्या अर्जात 'प्रस्तावित जागा' म्हणून येणार नाही, याची हमी कोण देणार?

मी प्रकल्पांच्या विरोधात हे लिहितोय असं कुणी समजू नये. आमच्या वाडीतली निम्मी घरं गणपती-शिमग्यालाच उघडतात. पोरांना इथे काम मिळालं तर मला हवंच आहे. आमची घरं चिऱ्याची, तो चिराही सड्यातूनच निघतो, आणि लहान चिरेखाणींना तर असा अहवालही लागत नाही. आंब्याच्या कलमांसाठी सडे आम्हीच फोडले. पाल बिचारी कुणाकुणाकडे दाद मागणार? पण आपल्यासमोर जी फाइल येते तिच्यात शासनाने स्वतः प्रश्न विचारलाय: इथे संकटग्रस्त प्राणी आहेत का? या प्रश्नाचं उत्तर 'आहेत' आलं म्हणून प्रकल्प लगेच मोडत नाही. आराखडा सरकवता येतो, रस्ता वळवता येतो, कातळाचा एखादा तुकडा दगडांसकट तसाच ठेवता येतो. ते सगळं उत्तर खरं असेल तर. 2006 च्या त्याच अधिसूचनेत, जाणूनबुजून खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली तर अर्ज फेटाळता येतो आणि दिलेली मंजुरीही रद्द करता येते असं म्हटलंय. एप्रिलच्या दुपारी पाल शोधायला जाणं जाणूनबुजून असतं की नकळत, ते मी आपल्यावर सोडतो.

एक जुनी गोष्ट आठवते. इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर इनाम होतं. मेलेलं फुरसं कचेरीत आणून दाखवायचं, पैसे घ्यायचे. लोकांनी हजारोंनी आणली. सरकारला आमच्याकडचे सरपटणारे प्राणी मोजायचे झाले तेव्हा ते नीट मोजता आले, पै-पैचा हिशेब राहिला. मग आता जिवंत मोजायला अडचण कसली?

शेवटची विनंती सगळ्यात निकडीची. अहवाल तयार व्हायच्या आधीच सड्यावर गाड्या चढतात. बोअर मारायचं मशीन न्यायला वाट करतात, हद्द दाखवायला सुटे दगड गोळा करून गडगे रचतात. कायद्याने ते बांधकाम नसेल. पण त्या पालीचं घर म्हणजेच तो सुटा दगड. तिथे पुढच्या मोसमात अगदी प्रामाणिक माणूस आला, रात्रभर फिरला, तरी त्याला उलटायला दगडच मिळायचा नाही, आणि तोही खऱ्या मनाने लिहील की आढळली नाही. म्हणून अभ्यासाच्या अटी देतानाच एक ओळ त्यात घाला: सरपटणाऱ्या प्राण्यांची पाहणी पूर्ण होईपर्यंत जागेवरचा एकही सुटा दगड हलवू नये.

आपला नम्र,
राजापूर तालुक्यातला एक सर्पमित्र

ता. क. – समितीतल्या कुणाला प्रत्यक्ष जागा पाहायला यायचं असेल तर पावसाळ्यात या, मुक्कामाला आमच्याकडे या. दगड उलटताना हाताने नाही, आकडीने उलटायचा, आणि पलीकडची कड धरून आपल्या बाजूला ओढायचा, म्हणजे खाली फुरसं असलं तर त्याच्या आणि आपल्या मध्ये दगड राहतो. करवत घासल्यासारखा आवाज आला तर दोन पावलं मागे. पाहून झालं की दगड ज्या खाचेत होता त्याच खाचेत, त्याच कुशीवर परत ठेवायचा. जरा तिरका बसला तरी खालची ओल निघून जाते.